टाळेबंदीतील वजन व व्यायाम

महासाथीच्या दोन वर्षांत आपल्या मंडळाने किती घरी शिधा पोहोचविला आणि किती रुग्णांना डबे दिले, याचा वृत्तांत या स्मरणिकेत कार्यवाहांनी दिलेलाच आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. संपादक मंडळाने आमच्याकडे विषय सोपविला तो निराळा आहे. घराचे दार लावून बसलो त्या काळात आपल्या शरीरांचे काय झाले, हा तो विषय होय.

विषय काढताच बहुतेकांच्या तोंडावर हसू उमटते. “टाळेबंदीत चार किलो चढले” हे वाक्य लग्नसमारंभात, हळदीकुंकवात, वार्षिक सभेच्या चहाच्या वेळी इतक्यांदा ऐकू आले, की त्यातील गांभीर्यच नाहीसे झाले. शिवणाऱ्याकडे सदरे सैल करून घ्यावे लागले, जुन्या पोलक्यांच्या शिवणी उसवाव्या लागल्या आणि गोष्ट तेथेच संपली असे आपण समजलो. परंतु या थट्टेत एक मोठी गोष्ट झाकली गेली. आपण वजनाविषयी पुष्कळ बोललो, पायांविषयी बोललोच नाही. आणि आमच्या मते, विशेषतः साठी ओलांडलेल्या सभासदांच्या बाबतीत, त्या काळातील खरे नुकसान पायांचे झाले आहे.

प्रथम काळाची आठवण करून देतो, कारण माणसाची स्मृती अशा बाबतीत फार लवकर पुसट होते. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या रोगाचा उल्लेख जागतिक महासाथ म्हणून केला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी आली. ती पुढे तीन वेळा वाढवून ३१ मेपर्यंत नेण्यात आली. हे एकंदर ६८ दिवस होतात. त्यानंतर बंधने हळूहळू सैल झाली. तथापि व्यायामशाळा व योगवर्ग उघडण्यास केंद्र सरकारची परवानगी मिळाली ती ५ ऑगस्टपासून. म्हणजे ज्याचा व्यायाम आखाड्यावर किंवा वर्गावर अवलंबून होता, त्याचे चार महिन्यांहून अधिक दिवस गेले. त्या वर्षी आपल्या गुजरातेत नवरात्रात सार्वजनिक गरबा झाला नाही. वडोदऱ्यात राहणाऱ्या माणसास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. वर्षभर रस्ता ओलांडण्याचा कंटाळा करणाऱ्या कित्येक भगिनी त्या नऊ रात्री तासन् तास फेर धरतात. त्या वर्षी तेही अंतरले. मग २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील दुसरी लाट आली. ती आठवण येथे वाढवीत नाही. पुष्कळ घरांत ती अजून ओली आहे.

आता बंद काय झाले ते पाहू. व्यायाम बंद झाला असे आपण म्हणतो, परंतु आपल्यापैकी नियमाने व्यायाम करणारे होते तरी किती? जे बंद झाले त्यास आपण कधी व्यायाम असे नाव दिले नव्हते. कमाटीबागेतील फेरी हा व्यायाम म्हणून गणला जाई, हे खरे. पण देवळात जाणे, दूध आणणे, मंगळबाजारात दोन वस्तूंसाठी पाच दुकाने पालथी घालणे, कचेरीतील जिना, स्टेशनावरील पूल, नातवास शाळेच्या गाडीपर्यंत पोहोचविणे, संध्याकाळी सुरसागराच्या काठाने रेंगाळणे आणि वाटेत ओळखीचे भेटले म्हणून त्यांच्याबरोबर पुन्हा मागे वळणे, ही सर्व हालचाल कोणी मोजली नव्हती. ती एका रात्रीत थांबली.

मोबाईलवर पावले मोजण्याची जी सोय असते, तिच्या नोंदींवरून हे किती घटले ते कळले. १८७ देशांतील साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी अमेरिकेतील संशोधकांनी तपासल्या व २०२० मध्येच प्रसिद्ध केल्या. महासाथ जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत सरासरी पावले २७ टक्क्यांनी, म्हणजे रोज सुमारे १,४०० पावलांनी उतरली होती. इटलीत बंधने कडक होती. तेथे ही घट जवळजवळ निम्म्यावर गेली. स्वीडनने सक्तीची टाळेबंदी केली नव्हती; तेथे ती ७ टक्क्यांपलीकडे गेली नाही. अर्थात हे आकडे खिशात मोबाईल घेऊन हिंडणाऱ्यांचे आहेत. मोबाईल कपाटावर ठेवून घरात फिरणारी आजी त्यांत नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

वजनाचे म्हणाल, तर ते सर्वांचे वाढले हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतील २६९ व्यक्तींच्या घरच्या वजनकाट्यांवरील नोंदींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरी राहण्याच्या काळात दर १० दिवसांस सरासरीने पाव किलोहून किंचित अधिक, म्हणजे महिन्यास सुमारे पाऊण किलो वाढ दिसली. हा वेग ऐकण्यास क्षुल्लक वाटतो, पण वर्षभर टिकला तर नऊ किलोंच्या आसपास जातो. त्याच देशात फेब्रुवारी २०२१ मध्ये घेतलेल्या एका पाहणीत ४२ टक्के प्रौढांनी नको असता वजन वाढल्याचे सांगितले; आणि १८ टक्क्यांनी नको असता वजन घटल्याचे सांगितले. ही दुसरी संख्या कोणी फारशी उच्चारीत नाही. काळजीने अन्न उतरत नव्हते असे लोक होते, आजारातून उठलेले होते, एकटे राहणारे होते. आपल्या देशात तर रोजगार बुडाल्यामुळे पोट आवळणारेही होते. ज्या दिवसांत आपण अगाशीवर फेऱ्या मारण्याचा विचार करीत होतो, त्याच दिवसांत शेकडो मैलांवरचे आपले गाव गाठण्यासाठी मजुरांची कुटुंबे महामार्गाने चालत होती. व्यायामाविषयी लिहिताना त्यांचा विसर पडू नये असे आम्हांस वाटते.

वजन का वाढले याचा हिशेब वाटतो तितका कठीण नाही, आणि वाटतो तितका सोपाही नाही. साठ किलो वजनाचा माणूस सपाट रस्त्याने एक किलोमीटर चालला तर बसून राहण्यापेक्षा सुमारे ३० ते ४५ उष्मांक अधिक खर्च होतात. चहाच्या एका चमच्यात मावेल एवढ्या तेलात ४५ उष्मांक असतात. दोन लहान चमचे साखरेत सुमारे ४०. म्हणजे एक किलोमीटरची चाल एका गोड चहाने फिटते. (हे वाचून चहा सोडण्याची प्रतिज्ञा कोणी करू नये. ती टिकत नाही आणि घरातील शांतता मात्र बिघडते.) शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक साठलेले असतात. रोजची तीन किलोमीटरची न मोजलेली हालचाल थांबली असे धरले, तर दिवसाचे १०० उष्मांक शिल्लक राहिले. ६८ दिवसांचे ६,८०० झाले. कागदावर ही वाढ किलोभरापेक्षा थोडी कमीच भरते. तेव्हा ज्यांचे चार किलो चढले त्यांनी सगळा दोष बंद पडलेल्या बागेवर टाकू नये. उरलेला हिशेब स्वयंपाकघरात सापडतो.

आणि तो तेथे सापडणारच होता. फरसाणाची दुकाने बंद, म्हणून घरोघरी कढया चढल्या. शेव-उसळ घरी झाली, चकलीचा सोऱ्या दिवाळीआधी सहा महिने बाहेर आला, एरवी वर्षातून दोनदा होणारे बेसनाचे लाडू पंधरा दिवसांनी होऊ लागले. दूरदर्शनवर २८ मार्चपासून रामायण पुन्हा सुरू झाले, तेही दिवसातून दोन वेळा. प्रत्येक वेळेस समोर काहीतरी वाटीत लागे. घरातील मंडळी चोवीस तास एकत्र असली म्हणजे खाण्याच्या वेळा ठरलेल्या राहत नाहीत. एकास भूक लागली की ती सर्वांस लागते.

तथापि केवळ जिभेस दोष देणे बरोबर नाही. भूक व श्रम यांचा संबंध कसा तुटतो हे दाखविणारा एक जुना अभ्यास आपल्याच देशातील आहे. पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील २१३ कामगारांचा आहार, वजन व कामाचे कष्ट यांची तपासणी जीन मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत जसे कष्ट वाढत तसा आहारही वाढे व वजन सारखे राही, हे अपेक्षितच होते. पण अगदी बैठे काम करणारे जे दुकानदार व देखरेखीवरील लोक होते, त्यांचा आहार हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी न होता उलट अधिक होता, आणि त्यांची वजनेही अधिक होती. म्हणजे हालचाल एका मर्यादेखाली गेली की भूक तिच्यामागोमाग खाली येत नाही. भुकेचा काटा हलत्या शरीरात बरोबर चालतो. बसलेल्या शरीरात तो अडकतो. टाळेबंदीने आपणा सर्वांस एकदम त्या गिरणीतील गादीवर बसविले.

एक प्रश्न आम्हांस पुष्कळांनी विचारला. एकाच घरात, एकाच कढईतले खाऊन, एक भाऊ फुगला आणि दुसरा होता तसाच राहिला, हे कसे? याचेही उत्तर प्रयोगाने मिळालेले आहे. १९९९ साली अमेरिकेत १६ जणांस आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० उष्मांक अधिक खावयास घातले. कोणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही. कोणाची चार किलोंवर गेली. फरक मुख्यतः कशामुळे पडला? व्यायामाखेरीज जी बारीकसारीक हालचाल असते, म्हणजे उठणे, उभे राहणे, येरझारा घालणे, बसल्या जागी चुळबुळ करणे, ती काहींच्या शरीराने आपोआप वाढविली, काहींच्या वाढविली नाही. फोन वाजताच उठून बोलत बोलत घरभर फिरणारा आणि उशीला टेकून बोलणारा, या दोघांतील अंतर महिन्याअखेरीस काट्यावर उमटते. लहानपणी “एका जागी बस की जरा!” म्हणून ज्या मुलास आपण दटावतो, त्याचे शरीर कदाचित शहाणपणाने वागत असते.

घरातील स्त्रियांविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. भांडीवाली व झाडूपोछा करणारी बाई येईनाशी झाली, तेव्हा ते काम कोणी केले हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते आठवावे. पुरुषांनी केर काढल्याची छायाचित्रे पुष्कळ पाहावयास मिळाली. पहिल्या पंधरवड्यानंतर ती दिसेनाशी झाली. गृहिणीचे श्रम वाढले, पण तिचे बाहेर पडणे, चार मैत्रिणींबरोबर देवळापर्यंत चालणे गेले. ओट्यापाशी उभे राहणे हा कष्ट आहे यात शंका नाही, मात्र त्याने पायांस चालण्याचे काम मिळत नाही. कंबर धरते आणि गुडघे तसेच आखडलेले राहतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

आमच्या माहितीतील एक आजोबा आहेत, वय त्या वेळी ७८. रोज कमाटीबागेत दोन फेऱ्या घालण्याचा पंचवीस वर्षांचा नेम. टाळेबंदीत त्यांनी पथ्य उत्तम पाळले, गोड खाल्ले नाही, मुलाच्या सांगण्यावरून उंबरठाही ओलांडला नाही. अनेक महिन्यांनी काट्यावर उभे राहिले तेव्हा वजन पूर्वीइतकेच, ५८ किलो. घरातील सर्वांस समाधान वाटले. त्या वर्षी घरच्या गणपतीपुढे आरतीस ते पाटावर बसले आणि आरतीनंतर त्यांना उठता येईना. दोन्ही हात टेकले, सुनेने खांदा दिला, तेव्हा उभे राहिले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “आजोबा, आजार काही नाही. पायांतले मांस उतरलंय.” काट्याने जे सांगितले ते खोटे नव्हते. स्नायू गेला, त्याच्या जागी चरबी आली, बेरीज तीच राहिली.

हे कसे घडते याचा सर्वांत बोलका पुरावा १९६६ मधील आहे. अमेरिकेतील डल्लास येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणात पडून राहावयास लावले. तीन आठवडे म्हणजे २१ दिवस, आपल्या पहिल्या टाळेबंदीइतकेच. उठल्यावर त्यांची श्रम करताना प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घटली होती. पुढे आठ आठवडे कसून व्यायाम करवून ती भरून काढण्यात आली. खरी गंमत पुढेच आहे. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांस पुन्हा शोधून तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांची ही क्षमता जितकी कमी केली होती, तीपेक्षा त्या २१ दिवसांच्या अंथरुणाने अधिक कमी केली होती. दरम्यान त्यांची वजने सरासरी ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेली होती. त्यांना सहा महिने हळूहळू वाढणारा व्यायाम दिला. क्षमता १९६६ मधील मूळ पातळीवर आली. वजन मात्र साडेचार किलोंच्या आसपासच उतरले. वजन व ताकद हे दोन निराळे हिशेब आहेत, हे यापेक्षा स्पष्टपणे कसे सांगता येईल?

यावर कोणी म्हणेल की आम्ही काही अंथरुणास खिळलो नव्हतो, घरात हिंडत होतो. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर कॅनडातील एका प्रयोगाने २०१३ साली दिले. सरासरी बहात्तर वर्षांच्या दहा निरोगी वृद्धांस अंथरुणात पाडले नाही. केवळ त्यांची रोजची पावले सुमारे पाऊण हिश्शाने कमी करावयास सांगितली. चौदा दिवसांत पायांतील चरबीविरहित भाग जवळजवळ ४ टक्क्यांनी घटला आणि इन्सुलिनचा शरीरावरील प्रभावही बराच मंदावला. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात व तेथून गॅलरीत, एवढीच ज्यांची चाल उरली होती, त्या आपल्या वडीलधाऱ्यांची स्थिती याहून निराळी नव्हती. आणि त्यांचे दिवस चौदा नव्हते. ज्यांना आधीच मधुमेह होता त्यांची साखर त्या काळात का हलेना, याचे एक कारण येथे मिळते. काम न करणारा स्नायू साखर उचलीत नाही.

आपल्या लोकांस याची विशेष काळजी घ्यावी लागते, कारण आपली शरीरे मुळातच फसवी आहेत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलीच दोन शरीरे उदाहरणादाखल मांडली. उंचीच्या प्रमाणात वजन दाखविणारा अंक दोघांचाही २२.३. छायाचित्रातही दोघे सडसडीत. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसण्यात किडकिडीत आणि आत चरबीदार, अशी ही आपली घडण आहे. म्हणूनच भारतीयांसाठी हा अंक २३ च्या वर गेला की वजन अधिक समजावे, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी ठरविले. शिवणाऱ्याचा फूटपट्टीचा फीता वजनकाट्यापेक्षा या कामी अधिक उपयोगी पडतो.

मुलांविषयी थोडक्यात लिहितो. अमेरिकेत चार लाखांहून अधिक मुलामुलींच्या नोंदींत महासाथीच्या काळात वजनाचे प्रमाण वाढण्याचा वेग जवळजवळ दुप्पट झालेला आढळला. शाळा बंद म्हणजे केवळ अभ्यास बंद नव्हे; मधली सुट्टी बंद, मैदान बंद, मित्रामागे धावणे बंद. मुलांची मोडलेली सवय मात्र मैदान मिळताच जुळते. त्यांना उपदेशाची गरज नसते. संध्याकाळची शिकवणी अर्धा तास उशिरा ठेवली तरी पुरे.

आश्चर्य वाटते ते याचे, की ही अडचण वडोदऱ्यातील मराठी माणसास यावी. ज्या नगरात जुम्मादादा व्यायाम मंदिर उभे राहिले आणि राजरत्न प्रा. माणिकरावांनी पिढ्या घडविल्या. ज्या माणिकरावांच्या हाताखाली जवळच्या डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे शिकले व पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. ज्या नगरातून आबासाहेब मुजुमदारांनी संपादिलेला व्यायामज्ञानकोश मराठीत खंडामागून खंड निघाला. त्या नगरातील माणसाने बाग बंद झाली म्हणून हातपाय दुमडून बसावे! दंड, बैठका आणि सूर्यनमस्कार यांस लागते किती जागा? एक सतरंजी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा एवढा हिरिरीने प्रसार केला त्याचे एक कारण हेच, की त्यास साधन लागत नाही, सोबती लागत नाही आणि खर्च लागत नाही. आपल्या आजोबांना हे ठाऊक होते. आपण मधल्या काळात व्यायाम हा बाहेर जाऊन, वेगळे बूट घालून करावयाचा प्रकार मानू लागलो, म्हणून दार बंद होताच तो सुटला.

या जुन्या माहितीस नव्या प्रयोगाचाही आधार मिळाला आहे. वर सांगितलेल्या कॅनडातील मंडळींपैकी काहींनीच पुढे २०१५ साली वृद्ध पुरुषांची पावले पुन्हा कमी केली, पण या वेळी प्रत्येकाच्या एका पायास मधून मधून हलक्या वजनाचा व्यायाम दिला. माणूस तोच, अन्न तेच, घरबैठक तीच. पण ज्या पायास काम मिळाले त्याचा स्नायू दुसऱ्या पायाच्या मानाने टिकून राहिला. थोडक्या बैठकांनीही पुष्कळ वाचते, असा याचा अर्थ.

जे गेले ते परत मिळते काय, असे विचारणाऱ्या सभासदांस आम्ही डल्लासच्या त्या पाच जणांकडे बोट दाखवितो. त्यांची पन्नाशी उलटली होती व वजन शंभर किलो होते. मात्र त्यांनी सहा महिने घेतले, सहा दिवस नव्हेत. टाळेबंदी उठताच पहिल्याच सकाळी जुन्या वेगाने चार फेऱ्या मारावयास गेलेले आणि आठवडाभर गुडघे शेकीत बसलेले लोक आम्ही पाहिले. ज्यांना हा रोग होऊन गेला होता, त्यांनी तर अधिकच सावकाश जावयास हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांस आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, व आठवड्यातून दोन दिवस स्नायूंस ताण देणारा व्यायाम. पासष्टीपुढील मंडळींस त्यांशिवाय तोल सांभाळण्याचा अभ्यास तीन दिवस सांगितला आहे. चालणे आपण करतो. दुसरा व तिसरा भाग सोडून देतो, आणि पडणारा माणूस नेमका त्यांच्याच अभावी पडतो.

खाण्याबाबत एकच सूचना. वजन उतरविण्याच्या नादात वडील मंडळी पोळीबरोबर वरणाची वाटी व दहीही कमी करतात. त्याने काटा खाली येतो, पण उतरते ते पायांतील मांस. भात कमी करावा, तळण कमी करावे; वरण, उसळ, दूध, ताक, शेंगदाणे यांवर हात आखडू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांस विचारूनच काय ते ठरवावे.

आपले पाय कोठे आहेत हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. ती अमेरिकेतील वैद्यकीय संस्था वृद्धांसाठी वापरतात, आणि पाहता ती आपली अर्धी बैठकच आहे. हात नसलेली, सरळ पाठीची, सुमारे १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीस टेकवून ठेवावी. तीवर मध्यभागी बसून दोन्ही हात छातीवर घडी घालून घ्यावेत. घड्याळात ३० सेकंद लावून, हातांचा आधार न घेता पूर्ण उभे राहावे व पुन्हा बसावे. किती वेळा उठता आले ते मोजावे. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांस १२ व स्त्रियांस ११ हून कमी, ७५ ते ७९ वयास ११ व १० हून कमी, आणि ८० ते ८४ वयास १० व ९ हून कमी वेळा उठता आले तर पाय अशक्त झाले असे समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांना चक्कर येते, ज्यांचे गुडघ्याचे किंवा खुब्याचे शस्त्रकर्म झाले आहे, अथवा ज्यांना छातीत दुखते, त्यांनी ही परीक्षा आपल्या मनाने करू नये. इतरांनीही ती करताना घरातील एखादे माणूस शेजारी उभे ठेवावे. आणि खुर्ची प्लॅस्टिकची घेऊ नये. फरशीवर ती मागे सरकते.